पाटाचं पाणी, मोरीचं पाणी

माघ सरत आलाय, पहाटेचा गारठा ओसरला. परसात भेंडी, गवार, दोडका, काकडी टोकायची हीच वेळ. बी टोकण्याआधी परसाला येणारं पाणी जरा बघा. त्यालाही इतिहास आहे.

आपला बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याची खोदाई दुष्काळी काम म्हणून झाली, १८८५ च्या सुमारास पाटाला पाणी आलं. सासवडचे माळी पाटामागं आले, उसाची गुऱ्हाळं सुरू झाली. पाणी थोड्याच उसात मुरू नये म्हणून १९०० च्या आसपास विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली.

या सगळ्या हिशेबात परसबाग कुठंच नव्हती. ती जगली मोरीच्या पाण्यावर, आणि तो हिशेब बायकांच्या हातात. आमच्या आजीच्या मोरीच्या तोंडाशी अळू-कर्दळ, पुढं केळी, मग वांगी-मिरची, कुडावर दोडका. भांडी राखेनं घासायची, डोकं शिकेकाईनं धुवायचं. तांब्या-तांब्यानं दिलेलं पाणी, त्यामुळं जमीन कधी बिघडली नाही.

शेतात उलटं झालं. काळ्या भारी जमिनीत पाणी जास्त, निचरा नाही, क्षार वर आले. पाणी येऊन पंचवीस वर्षं होतायत तोवर, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच काढली. चोपण म्हणजे काय ते इंदापूरकरांना सांगायला नको!

आता तेच परसात घडतंय. कारण वॉशिंग पावडर. तिच्यातल्या सोडियमनं मातीचे कण विस्कटतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. परवा शेजारच्या वस्तीवर बघितलं: भेंडी दोन पानांवर आली नि कडा करपल्या, वाफा वाळला की पांढरा.

म्हणून फेसाचं पाणी वाफ्यात नको, ते लांब शोषखड्ड्यात जाऊ द्या. शेवटच्या विसळणाचं, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आळ्याला घाला. उगवण होईपर्यंत तरी गोडंच पाणी द्या, कोवळ्या रोपाला क्षार सोसत नाहीत. घेवडा तर फार नाजूक, वांगी थोडं सोसतात. जिप्सम टाकू का, असं बरेच जण विचारतात. आधी माती-पाणी तपासा. निचरा नसेल तर जिप्सम टाकूनही क्षार तिथंच राहतात.