मिऱ्यांचे पाणी आणि भाताची पेज

सरकारी मेजवानीच्या छापील पत्रिकेत पहिला मान ‘सूप’चा असतो. हा पदार्थ साहेबाने आणला आणि साहेबाबरोबरच तो आपल्या पंगतीत शिरला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. शब्दापुरती ती खरी आहे. संस्कृतातही ‘सूप’ शब्द आहे, पण त्याचा अर्थ वरण. त्यावरूनच आचाऱ्याला ‘सूपकार’ म्हणत. इंग्रजी सूपाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु तो आवरलेला बरा. दोन अनोळखी प्रवाशांची आडनावे जुळावीत, तसा हा योगायोगही असू शकेल.

मात्र त्याच पत्रिकेत कधीकधी ‘मुलिगाटॉनी’ असे एक नाव आढळते. त्याची कुळकथा निराळी आहे. तमिळ भाषेत ‘मिळगु’ म्हणजे मिरी व ‘तण्णीर’ म्हणजे पाणी. मिऱ्यांचे पाणी, एवढाच त्या भारदस्त नावाचा अर्थ. मद्रास इलाख्यातील इंग्रजांना हे पाणी इतके मानवले की पुढे त्यांचे टोपणनावच त्यावरून पडले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोंद आहे की, बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना ‘कोई-हाय’, मुंबईच्यांना ‘डक’ आणि मद्रासच्यांना ‘मल’ म्हणत. ‘मल’ हे मुलिगाटॉनीचे लघुरूप. वाचकांनी त्याचा मराठी अर्थ मनात आणू नये. बदलीच्या गावी काय खाल्ले त्यावरून माणसाची ओळख ठरावी, ही गोष्ट आपल्यासारख्यांना तरी नवलाची वाटू नये.

याच कोशात या शब्दाच्या वापराचे एक जुने उदाहरण १७८४ मधील आहे, आणि ते कोणा खवय्याचे नसून एका कैद्याचे आहे. १७८० मध्ये पोल्लिलूर येथे हैदरअलीच्या फौजेने कर्नल बेलीची पलटण बुडविली. त्या युद्धात पकडलेले अनेक इंग्रज शिपाई व अधिकारी पुढे कित्येक महिने म्हैसूरच्या तुरुंगांत होते. त्यांतल्या एकाने रचलेल्या पद्यात बंगळूरच्या तुरुंगातील जेवणाची तक्रार आहे. ते जेवण म्हणजे मिऱ्यांचे पाणी, नाहीतर कांजी! पुढे गोऱ्या पलटणीतील कच्च्या कैदेच्या कोठडीलाही ‘कांजी-हाउस’ म्हणू लागले, कारण आतल्या माणसाला कांजीवर ठेवीत. तुरुंगात ज्या पाण्याला नावे ठेवली, तेच पाणी पुढे मांसाचा अर्क, कांदे आणि मसाला घेऊन इंग्रजांच्या घरगुती मेजावर चढले. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. त्या कृतीत मांस भरपूर आहे. मूळचे पाणी मात्र शोधावे लागते.

नावातील मिऱ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मागून, सोळाव्या शतकात आली. तत्पूर्वी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी व आले. नवी आलेली मिरची जुन्या मिरीचेच नाव घेऊन घरात शिरली. मराठीत ‘मिरी’वरून ‘मिरची’, तर तमिळमध्ये ‘मिळगु’वरून ‘मिळगाय’. टोमॅटो तर त्याहूनही नवखा. तेव्हा आज ज्याला आपण रसम म्हणतो, त्याचे जुने अंग म्हणजे चिंच, मिरी आणि जिरे. कानडीत त्याला ‘सारु’, तेलुगूत ‘चारु’ म्हणतात, आणि आपल्याकडे कोकमाचे ‘सार’ आहेच. यांत कोण कोणाचे देणे लागतो याचा निवाडा भाषापंडितांनी करावा.

हा सारा शोध मी कुतूहलाने घेतला असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, माझी पहिली बदली झाली त्या वर्षी ऐन पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मी तापाने अंथरूण धरले. बिऱ्हाड एकट्याचे होते. भाषेची ओळख ‘वेण्डाम्’ (नको) आणि ‘एव्वळवु’ (किती) या दोन शब्दांपुरती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मामींनी झाकणाच्या पात्रातून मिळगु-रसम पाठविले. चिंचेचे पातळ पाणी, भरड कुटलेली मिरी, जिरे, लसणाच्या दोन पाकळ्या, वर तुपाची फोडणी. माझ्या आईच्या हातच्या मुगाच्या कढणाशी त्याचे चवीने काहीही नाते नव्हते. तरी ते पोटात गेले आणि कितीतरी दिवसांनी आपण घरी आहोत असे वाटले. लहानपणी जे खाल्ले तेच पुढे दिलासा देते असे म्हणतात. मग आयुष्यात प्रथमच चाखलेल्या पदार्थाने मला तो कसा दिला? हा प्रश्न बरे झाल्यावरही माझ्या मनातून गेला नाही.

त्याचे उत्तर शोधताना प्रथम ध्यानात आले ते हे की, आपल्या जुन्या ग्रंथांत पातळ अन्नाचा विचार मेजवानीपाशी सुरू होतच नाही. तो सुरू होतो अशक्त माणसापाशी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ यवागूंची, म्हणजे औषधी पेजांची, मालिका आहे. शोधन झालेल्या रोग्याला लगेच अन्न द्यावयाचे नाही. त्याचा अग्नी मंद झालेला असतो. गवत आणि शेणीचा चुरा घालून बारीक विस्तव हळूहळू फुलवावा तसा तो फुलवावयाचा, असे चरकाचे म्हणणे आहे. म्हणून आधी पेया, मग विलेपी, मग मुगासारख्या धान्याचे ‘अकृत’ यूष, म्हणजे मीठ-मसाला-स्नेह न घातलेले; नंतर ‘कृत’ यूष, म्हणजे संस्कार केलेले; आणि मग मांसरस. उत्तम शोधन झाले असेल तर या पायऱ्यांची १२ जेवणे व्हावयाची. ज्यात शिते नाहीत ते मंड, ज्यात थोडी आहेत ती पेया, ज्यात पुष्कळ आहेत ती विलेपी, असा सूक्ष्म भेद केलेला आहे. आपल्या आज्यांना हे शब्द ठाऊक नव्हते, पण क्रम ठाऊक होता. आजारातून उठणाऱ्याला आधी भाताची निवळ, मग पेज, मग आटवल, मग मऊ भात. कोणी तो त्यांना पाठ करावयास लावला नव्हता.

बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात याहून मजेची हकीकत आहे. अंधकविंद गावचा एक ब्राह्मण गाड्यांत अन्नसामग्री भरून बुद्ध आणि भिक्षुसंघाच्या मागोमाग फिरत होता. पाळी आली की आपण जेवण घालू, असा त्याचा बेत. दोन महिने झाले, तरी पाळी येईना. तो एकटा, तिकडे घरचे व्यवहार बुडू लागलेले. (रजा संपत आलेल्या माणसाची ही अवस्था आपण ओळखतो.) शेवटी त्याने भोजनशाळेत डोकावून पाहिले की, तिथे काय नाही. यवागू नव्हती आणि मधाचे लाडू नव्हते. त्याने आनंदाला विचारले, आनंदाने बुद्धाला. परवानगी मिळाली आणि ब्राह्मणाची सेवा रुजू झाली. त्या प्रसंगी बुद्धाने यवागूचे १० गुण सांगितले आहेत. भूक शमते, तहान भागते, वात मार्गी लागतो, बस्ती शुद्ध होते, उरलेले आम पचते, हे पाच वैद्यालाही सुचतील. पण त्यांच्या आधी पाच दाने सांगितली आहेत. पेज देणारा घेणाऱ्याला आयुष्य, कांती, सुख, बळ आणि प्रतिभा देतो. या यादीत ‘सुख’ स्वतंत्रपणे मोजलेले आहे. भूक भागणे वेगळे, बळ वेगळे आणि सुख वेगळे. आणि ते पेजेत असते असे म्हटलेले नसून, पेज देणारा ते देतो असे म्हटलेले आहे. चेन्नईच्या मामींच्या पात्राचा उलगडा मला येथे झाला.

दक्षिणेत गेलेल्या मराठी माणसांपैकी या विषयात लक्ष घालणारा एक पंडित सतराव्या शतकात होऊन गेला. रघुनाथ गणेश नवहस्त हे त्याचे नाव. तंजावरास व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. त्याचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ अन्नपदार्थ आणि त्यांचे गुणदोष यांविषयी आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याची माहिती प्रकाशात आणली. तंजावर म्हटले की सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडल्याची गोष्ट हमखास निघते. गोष्ट गोड आहे आणि आपल्या अभिमानाला मानवणारी आहे. तरी भक्कम पुराव्यावाचून मी तिला इतिहासात बसवू इच्छीत नाही. परमुलखातील अन्नाचा कौतुकाने अभ्यास करणारा रघुनाथपंडित मला त्या गोष्टीहून अधिक मोलाचा वाटतो.

त्याच्याही शंभर वर्षे आधी आपल्याच किनाऱ्यावर पेजेची नोंद एका परक्याने केली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. पटकीसारख्या एका भयंकर विकाराविषयी तो लिहितो आणि त्याचे देशी नाव ‘मोर्शी’ असे देतो. ही आपली मोडशी. युरोपियनांनी पुढे तिचे ‘मोर्द-शियाँ’, म्हणजे फ्रेंच भाषेत ‘कुत्र्याचे मरण’, असे काहीतरी करून टाकले! या विकारावर इथले वैद्य भाताचे निथळलेले पाणी मिरी-जिरे घालून देतात आणि त्याला ‘कांजी’ म्हणतात, असे गार्सियाने नमूद केले आहे. त्या काळी युरोपीय वैद्यकाजवळ या रोगावर याहून सरस इलाज नव्हता. त्यानंतर चारशे वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर यांचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरातून ३.६ पर्यंत उतरले. पुढे १९८० नंतरच्या दशकात ढाक्यातील संशोधकांनी साखरेच्या जागी तांदळाचे पीठ शिजवून वापरले, आणि पटकीत ते अधिक गुणकारी ठरले. मिठाचे माप नव्या शास्त्राने घालून दिले. तांदूळ जुनाच होता.

आता या कथेची दुसरी बाजू. १९४३ च्या उत्तरार्धात बंगालच्या खेड्यांतून उपाशी माणसांचे लोंढे कलकत्त्यात आले. त्या दुष्काळात आणि मागून आलेल्या रोगराईत तीसेक लाख माणसे मेली असावीत, असा आजचा अंदाज आहे. ती माणसे दारोदार भीक मागत ती भाताची नव्हे, ‘फॅन’ची. फॅन म्हणजे भात वेळल्यावर निघणारे पाणी, आपली निवळ. बंगाली घरांत ते ओतून देत किंवा गुरांना पाजीत. भात मागण्याची शक्यताच उरली नव्हती, म्हणून टाकून द्यावयाचे पाणी मागत होते. सरकारी लंगरांतूनही पुढे पातळ पेजच वाटली गेली. चित्तप्रसाद यांची त्या वर्षीची रेखाचित्रे आणि १९४४ मध्ये रंगभूमीवर आलेले बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ नाटक यांतून तो काळ आजही अंगावर येतो. चरकाने सांगितलेला मंड तोच, गार्सियाची कांजी तीच. पण बुद्धाच्या यादीतील ‘सुख’ त्या वाडग्यात शोधू गेल्यास सापडत नाही. मी कचेरीत आकडे जुळविणारा माणूस आहे; हा हिशेब मात्र मला जुळविता आलेला नाही.

काही वर्षांपूर्वी मी कोलकात्यास असताना एकदा पोट बिघडून चार दिवस घरी होतो. वरच्या मजल्यावर आमच्याच खात्यातील, निवृत्तीला आलेले एक गृहस्थ राहत. त्यांच्या वृद्ध आईने मीठ घालून, लिंबू पिळून फॅनचा पेला पाठविला. मी तो आवडीने प्यालो आणि संध्याकाळी पेला परत देताना त्यांना म्हटले, “आमच्या कोकणातही हेच देतात. आई रोज घेत असतील?”

ते म्हणाले, “मा दुसऱ्यांना देते. त्या साली ती सात वर्षांची होती, मेदिनीपूरकडच्या गावात. आमच्या घरी फॅन मोरीत ओतू देत नाही, रोज वाटीत काढून ठेवते. पण तिला स्वतः पिताना मी कधी पाहिले नाही.”