निद्राभ्रमण, भूतबाधा आणि सातारा-सांगलीचा वारसा

रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेतून उठणे, उघड्या पण शून्य नजरेने चालणे, हाकेला प्रतिसाद न देणे ही निद्राभ्रमणाची लक्षणे होत. सकाळी रुग्णाला काहीच आठवत नाही. ओळखायचे ते घरच्यांनीच. ग्रामीण समाजात त्याचा अर्थ अनेकदा भूतबाधा असा लावला गेला. मूल मोठे झाले की हा विकार सहसा आपोआप थांबतो. श्रेय मात्र मांत्रिकाच्या पदरी पडे. सातारचे, सांगली-मिरजेत शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापून अशा समजुतींविरुद्ध लढा उभारला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतरच, त्याच वर्षी, भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणे जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले. झोपेत चालणाऱ्या मुलाला बहुधा हळुवार हात धरून अंथरुणाशी नेणे पुरेसे असते.