स्थायी चुंबकाच्या मोटारी मोडीत काढताना...

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून पोलादपूरमार्गे महाडला येते. २२ जुलै २०२१ च्या महापुराने महाड शहराला वेढा घातला. असा पूर ओसरल्यावर भिजलेल्या मोटारी दुरुस्त कराव्यात की मोडीत काढाव्यात, हा प्रश्न उभा राहतो. महाडच्या रासायनिक कारखान्यांत पंप, पंखे आणि मिश्रणयंत्रे मोटारींवरच चालतात. त्यांपैकी बहुतेक मोटारी इंडक्शन प्रकारच्या असतात. मात्र विजेची बचत करणाऱ्या स्थायी चुंबकाच्या मोटारींचा वापर वाढत असून, त्यांची हाताळणी वेगळी आहे.

या मोटारीचा वीजपुरवठा तोडला, तरी धोका संपत नाही. शाफ्ट फिरला की चुंबकामुळे मोटार जनित्राप्रमाणे वीज निर्माण करते. पंपातून उलट वाहणारे पाणी किंवा वाऱ्याने फिरणारा पंखाही त्यास पुरेसा ठरतो. म्हणून प्रथम मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप व सूचनाफलक लावावा. व्हॉल्व्ह बंद करून शाफ्ट जखडावा. वेगनियंत्रकातील कपॅसिटर रिकामे होण्यासाठी उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे आणि टर्मिनलवर दाब नसल्याची मीटरने खात्री करावी. रसायनांच्या संपर्कातील यंत्र आधी स्वच्छ करून घ्यावे.

रोटर बाहेर काढताना चुंबकाची ओढ प्रचंड असते; बोटे चिरडू शकतात. हे काम हातांनी न करता योग्य साधनाने, अचुंबकीय मार्गदर्शक पट्ट्या वापरून करावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी दूर राहावे. काढलेला रोटर लोखंडी वस्तूंपासून दूर, लाकडी पेटीत ठेवावा.

निओडिमियम चुंबक हातोड्याने फोडू नयेत, घासू नयेत आणि गॅस कटरने कापू नयेत. तुकडे उडतात आणि बारीक भुकटी हवेत पेट घेऊ शकते. सुमारे ३१० अंश सेल्सिअसच्या वर त्यांचे चुंबकत्व नष्ट होते. पण ही क्रिया नियंत्रित भट्टीतच व्हावी, कारण चिकटद्रव्यातून घातक धूर निघतो. वंगणाचे जुने तेल धोकादायक कचरा आहे. ते जमिनीवर वा नाल्यात न सोडता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे.

या चुंबकांत वजनाच्या सुमारे ३० टक्के दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असतात. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यानंतर केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये देशी चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तांब्यासाठी मोटार फोडून चुंबक भंगारात टाकणे म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळ आणि दुर्मीळ धातूची नासाडीही.