पांढरा केस आणि राजाचा न्हावी

बौद्ध जातककथांमध्ये मखादेव राजाची एक गोष्ट आहे. मिथिलेचा हा राजा आपल्या न्हाव्याला सांगून ठेवतो, "डोक्यात पांढरा केस दिसला की मला सांग." बऱ्याच वर्षांनी तो दिसतो. न्हावी सोन्याच्या चिमट्याने केस उपटून राजाच्या हातावर ठेवतो. राजा न्हाव्याला एक गाव इनाम देतो, राज्य मुलाच्या हवाली करतो आणि चक्क संन्यास घेतो! कालिदासाच्या 'रघुवंशा'तही म्हातारपण पांढऱ्या केसाच्या रूपाने दशरथाच्या कानाशी येतं आणि रामाला राज्य दे म्हणून सुचवतं. थोडक्यात काय, पांढरा केस म्हणजे खुर्ची सोडायची नोटीस.

आता नोटीस आली म्हणून सगळेच काही वनात जात नाहीत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त कलपाची कृतीच दिली आहे. डोकं पांढरं असेल तर फुलं, अत्तर, दागिने काही शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. उपाय काय, तर लोखंडी भांड्यात आंबट कांजीत शिजवलेले हरकाचे दाणे लोहचूर्णाबरोबर बारीक वाटायचे, डोक्याला थापायचे आणि वर पानं बांधून बसायचं. मग आवळ्याचा लेप लावून पुन्हा दोन प्रहर, म्हणजे सहा तास. सुट्टीचा दिवस गेलाच म्हणायचा!

हा वेळ वाचवला रसायनशास्त्राने. १९०७ मध्ये पॅरिसच्या यूजेन शुएलेर या तरुण रसायनतज्ज्ञाने केसांचा रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तिच्या नावातच 'निरुपद्रवी रंग' असे शब्द होते. (आधीचे रंग कसे असतील, ओळखा!) तीच पुढे लॉरिआल झाली. आजच्या बहुतेक पक्क्या कलपांची युक्ती अशी: छोटे रंगहीन रेणू केसात शिरतात, पेरॉक्साइडमुळे आतच एकमेकांना जोडले जाऊन मोठे, रंगीत होतात आणि अडकून बसतात. पण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे हे सबस्क्रिप्शन कधी संपत नाही.

मग १९५६ मध्ये अमेरिकेत क्लेरॉलने घरच्या घरी एकाच टप्प्यात लावायचा रंग आणला. शर्ली पॉलिकॉफ यांची जाहिरात विचारायची, ही केस रंगवते की नाही? आणि सांगायची, ते फक्त हिच्या केशकर्तनकारालाच ठाऊक. गंमत बघा. मखादेवाच्या न्हाव्याला सांगितल्याबद्दल गाव मिळालं, याचं काम मात्र गुपित राखायचं.

गुपित फोडलं तर काय होतं? कॅनडाच्या सीटीव्हीवरच्या वृत्तनिवेदिका लिसा लाफ्लेम यांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये केस रंगवणं थांबवलं. २०२२ मध्ये, तिथल्या ३५ वर्षांच्या कामानंतर, त्यांचा करार संपवला गेला. केसांचा याच्याशी संबंध नाही, असं कंपनीने सांगितलं. तरी चर्चा केसांचीच झाली.

माझं वय ४३. आयटीत आहे. आमच्याकडे पुरुषाचे केस पिकले की तो 'सीनियर आर्किटेक्ट' दिसतो, बाईचे पिकले की "दमलीस का गं?" असं विचारतात. त्यात ले-ऑफचे दिवस. म्हणजे माझ्यासाठी हा प्रश्न सौंदर्याचा कमी आणि पगाराचा जास्त आहे.

या सगळ्या गोष्टींत पर्याय दोनच दिसतात: नोटीस मानून निघून जा, नाहीतर नोटीस लपवा. मला तिसरा हवाय. केस पिकू देत, खुर्ची मात्र सोडायची नाही. मखादेवाकडे राज्य सांभाळायला मुलगा होता. माझ्याकडे घराचे हप्ते आहेत, अजून अकरा वर्षांचे!

असो. तीन महिने झाले, कलप आणलेला नाही. भांगात दोन बोटं पांढरं दिसतंय. सोमवारी क्लायंटसमोर डिझाइन रिव्ह्यू आहे, तिथे अशीच जाणार.