सत्तरच्या दशकातील हॉलिवूड : भूमिका मिळेनात, तेव्हा अभिनेत्रींनी चित्रपटच उभे केले

१/ ८ एप्रिल १९७५. लॉस एंजेलिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर जाहीर झाले आणि ते स्वीकारायला मंचावर गेले एक तरुण दिग्दर्शक, मार्टिन स्कॉर्सेसी. विजेत्या एलन बर्स्टिन त्या काळात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाटक करत होत्या. विशेष म्हणजे या चित्रपटासाठी दिग्दर्शकाची निवड बर्स्टिन यांनीच केली होती. अभिनेत्रीवर ही वेळ का आली, हे सांगणारा हा धागा.

२/ तीस-चाळीसच्या दशकांत स्टुडिओ अभिनेत्रींना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवत. हा करार जाचक होता. बेटी डेव्हिस यांचा वॉर्नर ब्रदर्सशी १९३६ साली न्यायालयात झगडा झाला आणि त्यात त्या हरल्या. मात्र पगारी तारका रिकामी बसू नये, म्हणून स्टुडिओ तिच्यासाठी कथाही लिहून घेत.

३/ साठच्या दशकाअखेर ही व्यवस्था मोडली. १९६८ साली जुनी सेन्सॉर संहिताही गेली. चित्रपट धीट झाले, परंतु त्यांतील कथा प्रामुख्याने पुरुषांच्या राहिल्या. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (१९६९) आणि ‘द स्टिंग’ (१९७३) हे दोन मित्रांचे चित्रपट विलक्षण गाजले. रस्त्यावर स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात असताना पडद्यावरची स्त्री आक्रसत चालली आहे, असे समीक्षक मॉली हॅस्केल यांनी १९७४ साली मांडले.

४/ अशा काळात ‘द एक्झॉर्सिस्ट’मधील बर्स्टिन यांचे काम पाहून वॉर्नर ब्रदर्सने त्यांना आणखी एका चित्रपटासाठी विचारले. त्यांनी निवडली एका विधवेची कथा. लहान मुलाला घेऊन निघालेली, गायिका होऊ पाहणारी, उपाहारगृहात वाढपीण म्हणून राबणारी ही ॲलिस.

५/ दिग्दर्शकासाठी त्यांनी फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा सल्ला घेतला. कपोलांनी ‘मीन स्ट्रीट्स’ पाहायला सांगितले. तो चित्रपट पुरुषांच्याच जगातला होता. स्त्रियांविषयी काय ठाऊक आहे, असे बर्स्टिन यांनी स्कॉर्सेसींना विचारले. काहीच नाही, पण शिकायला आवडेल, असे उत्तर आले. ‘ॲलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर’चे संकलनही मार्शिया लुकास या स्त्रीनेच केले.

६/ जेन फोंडा यांचा मार्ग अधिक खडतर होता. ‘क्लूट’साठी ऑस्कर मिळाले १९७२ साली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या युद्ध चालू असताना हनोईला गेल्या आणि अनेक अमेरिकनांच्या रोषाच्या धनी झाल्या. पुढे त्यांनी ब्रूस गिल्बर्ट यांच्यासह स्वतःची निर्मितिसंस्था काढली. ‘कमिंग होम’मध्ये (१९७८) व्हिएतनामचे युद्ध एका सैनिकाच्या पत्नीच्या नजरेतून दिसले. त्यासाठी त्यांना दुसरे ऑस्कर मिळाले.

७/ याच संस्थेच्या सहभागातून आलेला ‘द चायना सिंड्रोम’ १६ मार्च १९७९ रोजी प्रदर्शित झाला. अणुवीज केंद्रातील अपघाताची ती कथा होती. बाराच दिवसांनी, २८ मार्चला, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे प्रत्यक्ष अणुभट्टीचा अपघात घडला.

८/ बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी १९६९ सालीच पॉल न्यूमन व सिडनी पॉइटिए यांच्यासह ‘फर्स्ट आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापली होती. आगाऊ मानधन कमी, पण चित्रपटावर ताबा आणि नफ्यात वाटा, हे तिचे सूत्र. तिथूनच ‘अ स्टार इज बॉर्न’ (१९७६) आला. त्यातील गीताच्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री संगीतकार ठरल्या.

९/ हा मार्ग सर्वांना मोकळा नव्हता. ‘साउंडर’साठी सिसिली टायसन आणि ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’साठी डायना रॉस यांना १९७३ साली एकाच वेळी नामांकन मिळाले. दोन कृष्णवर्णीय स्त्रिया या विभागात एकत्र येण्याची ती पहिली वेळ. पुरस्कार लायझा मिनेली यांना गेला. कृष्णवर्णीयांना हीन दाखवणाऱ्या भूमिका टायसन नाकारत असत. त्यांना तोलामोलाची भूमिका दिली ती दूरचित्रवाणीने. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि शंभरी ओलांडलेल्या जेन पिटमनच्या त्या भूमिकेसाठी १९७४ साली त्यांना दोन एमी मिळाले.

१०/ बर्स्टिन, फोंडा, स्ट्रायसँड यांच्या हाती आधीचे यश होते. त्याच्या बळावर त्यांनी स्टुडिओला आपल्या अटी मान्य करायला लावल्या. टायसन यांच्याकडे गुणवत्ता तेवढीच होती, पण ते बळ त्यांच्या वाट्याला येऊ दिले गेले नाही. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पहिल्यांदा कृष्णवर्णीय स्त्रीला, हॅली बेरी यांना मिळाले, तेव्हा २००२ साल उजाडले होते. टायसन यांना मानद ऑस्कर मिळाले २०१८ साली. तेव्हा त्या नव्वदी पार केलेल्या होत्या.

(धागा समाप्त)