कोळशाच्या तंतूची सायकल

सायकलीचा इतिहास सांगणारे बहुधा चाकापासून आरंभ करतात. आम्हांस आज तिच्या सांगाड्याविषयीं, म्हणजे दुकानदार ज्याला फ्रेम म्हणतात त्याविषयीं लिहावयाचें आहे. जवळजवळ शंभर वर्षें पोलादाचा असलेला हा सांगाडा आमच्या डोळ्यांदेखत कोळशाचा झाला. आणि त्या कोळशाच्या पदरांत लोकांनीं जें श्रेय टाकलें आहे, त्यांतलें पुष्कळसें दुसऱ्यांचें आहे असें आमचें मत आहे.

जॉन केम्प स्टार्ली यानें १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें आपली 'रोव्हर' सायकल बाहेर काढली. तिचा सांगाडा अजून ओबडधोबड होता. पण थोड्याच वर्षांत त्याचे दोन त्रिकोण झाले, व शर्यतीच्या सायकलींत ते अद्यापि टिकून आहेत. पुढील सुधारणा झाली ती नळीच्या पोटांत. बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स यांनीं १८९७ सालीं नळी टोकांशीं जाड आणि मध्यें पातळ ठेवण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. ताण सांध्यांवर अधिक पडतो, मग मधला भार व्यर्थ कां वाहावा, हा त्यांतला हिशेब. त्यांचें '५३१' नांवाचें पोलाद १९३५ सालीं आलें आणि दोन पिढ्यांचे स्वार त्यावर वाढले. १९७२ सालीं बेल्जमचा एडी मर्क्स मेक्सिको शहरीं एका तासांत ४९.४३१ किलोमीटर गेला तो पोलादी सायकलीवरच. ब्रेक व गिअर नसलेल्या त्या सायकलीचें वजन सहा किलोंच्याही आंत होतें. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

कोळशाचा तंतु हा कांहीं अगदीं कालचा नव्हे. एडिसनच्या १८७९ च्या दिव्यांत जो धागा जळत असे तो करपविलेल्या सुताचाच होता. पण तो ठिसूळ. बळकट तंतूचा शोध विमानविद्येच्या काळांतला. १९६१ च्या सुमारास ओसाका येथील अकिओ शिंदो यांनीं, व त्यानंतर दोन-तीन वर्षांत इंग्लंडांतील फार्नबरो येथें विल्यम वॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्या जातीच्या कृत्रिम धाग्याचे आपल्याकडे थंडीचे स्वेटर विणतात, तोच धागा ताणून, प्रथम मंद आंचेवर भाजून, मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां हजारांहून अधिक अंशांवर तापवून त्याचा निव्वळ कोळसा केला. केसाच्या दशांशाइतका बारीक, पोलादाच्या चतुर्थांशाहून हलका, आणि ओढून पाहिल्यास त्यास हार न जाणारा असा हा पदार्थ. मात्र त्याचें बळ केवळ लांबीच्या दिशेनें. आडव्या आघातापुढें तो दुबळा. रोल्स रॉइस कंपनीनें विमानाच्या इंजिनासाठीं याचीं पातीं केलीं, तीं पक्ष्याच्या धडकेच्या परीक्षेंत टिकलीं नाहींत. आणि १९७१ च्या फेब्रुवारींत ती कंपनी दिवाळ्यांत निघाली, त्याच्या अनेक कारणांत या इंजिनाचा बेसुमार खर्च हें प्रमुख होतें.

सायकलवाल्यांनीं यापासून फारसा धडा घेतला असें दिसत नाहीं. एक्सॉन या तेलाच्या कंपनीच्या एका शाखेनें १९७० नंतरच्या दशकांत 'ग्राफटेक' नांवाची सायकल विकली. कोळशाच्या नळ्या आणि धातूचे सांधे, मध्यें डिंकासारखें चिकटण. हे सांधे सुटूं लागले. कोळशाचें तंतु हें वस्त्र आहे, नळ नव्हे. शिंप्यानें कापडाचा उभा-आडवा धागा पाहून बेतावें तसें तें बेतावें लागतें, हें उमजण्यास आणखी दहा वर्षें गेलीं. १९८६ सालीं अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यानें फ्रान्सची महाशर्यत कोळशाच्या नळ्यांच्या सायकलीवर जिंकली, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील केस्ट्रेल कंपनीनें नळ्या-सांध्यांचा भेदच काढून टाकून एकसंध ओतीव सांगाडा विक्रीस आणला.

मग आलें १९९२ सालचें बार्सिलोना. इंग्रज स्वार ख्रिस बोर्डमन यानें माइक बरोज यांच्या कल्पनेंतून निघालेल्या, लोटस या मोटारकंपनीनें बांधलेल्या काळ्या सायकलीवर चार हजार मीटरांच्या पाठलागांत अंतिम फेरींत जगज्जेत्या येन्स लेहमन यास मागून येऊन गांठलें. वृत्तपत्रांनीं सायकलीचीं चित्रें छापलीं, आणि सायकलीवरचा माणूस जणूं तिचा एक सुटा भाग ठरला! ही समजूत किती पोकळ होती तें पुढल्याच वर्षीं दिसलें. १९९३ च्या जुलैंत स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री यानें कपडे धुण्याच्या यंत्राचें बेअरिंग बसवून घरीं बनविलेल्या सायकलीवर तासाचा विक्रम ५१.५९६ किलोमीटरांवर नेला. ही सायकल पोलादी होती. सहा दिवसांनीं बोर्डमननें कोळशाच्या सायकलीवर ५२.२७० केले. तेव्हां ओब्रीची करामत कशांत होती? छातीखालीं हात दुमडून वाऱ्यास अंग चोरण्यांत. सपाटीवर स्वाराचा खरा शत्रु वजन नव्हे, वारा आहे. आणि वारा अडतो तो सांगाड्यास थोडा, शरीरास फार.

बोर्डमननें १९९६ सालीं हात पुढें ताणून ५६.३७५ किलोमीटर केले, तेव्हां आंतरराष्ट्रीय सायकल संघ जागा झाला. त्याच वर्षीं लुगानो येथें एक जाहीरनामा काढून यंत्राहून माणूस मोठा असें तत्त्व त्यानें सांगितलें, व २००० सालापासून त्रिकोणाची चौकट आणि किमान ६.८ किलो वजन हे नियम लागू केले. मर्क्सची १९७२ ची पोलादी सायकल या किमान वजनांत बसली नसती, ही गंमत आम्हांस मोठी बोलकी वाटते. जुन्या पद्धतीच्या विक्रमासाठीं मर्क्सच्याच धर्तीची सायकल आवश्यक ठरली. २००० च्या ऑक्टोबरांत बोर्डमन तशा सायकलीवर बसला आणि तासाभरांत गेला ४९.४४१ किलोमीटर. अठ्ठावीस वर्षांचें शास्त्र वजा केल्यावर उरलें दहा मीटर! तो तेव्हां कारकीर्दीच्या शेवटास आला होता हें खरें. तरी सात किलोमीटरांची तफावत वयाच्या माथीं मारतां येत नाहीं. २०१४ सालीं संघानें हा भेद पुन्हां मोडला, आणि २०२२ सालीं इटलीच्या फिलिप्पो गान्ना यानें ५६.७९२ किलोमीटर केले ते कोळशावर नव्हे, तर छापून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या सांगाड्यावर.

हें सारें व्यावसायिकांचें झालें. आतां जे सद्गृहस्थ पगारांतून दोन-तीन लाख बाजूस काढून अशी सायकल घेतात, त्यांचा हिशेब पाहूं. चांगल्या पोलादी सांगाड्याहून कोळशाचा सांगाडा सुमारें एक किलोनें हलका. स्वार आणि सायकल मिळून पंचाहत्तर किलो धरले, तर बचत शेंकडा सव्वाएक. सिंहगडाचा घाट चढण्यास एखाद्या हौशी पुणेकरास तास लागत असेल, तर त्याचें पाऊण मिनिट वांचेल. सपाटीवर तेवढेंही नाहीं. खडबडीत रस्त्यावर हाताला बसणारे हादरे कमी होतात असेंही सांगतात. त्यांतलें बरेंचसें काम रुंद टायर अल्प खर्चांत करतें.

उलट बाजूस जी जोखीम आहे ती मात्र निखालस कोळशाची. पोलाद बहुधा मोडण्यापूर्वीं वांकतें, वांकलें कीं दिसतें, आणि झाळकाम जाणणारा कोणताही कारागीर त्यास पुन्हां उभें करतो. कोळशाचा सांगाडा बाहेरून तुळतुळीत राहून आंतल्या आंत पदर सोडतो. पडलेल्या सायकलीवर स्वार नाणें वाजवीत बसतात. खणखणीत आवाज यावयाचा तेथें बद्द आला म्हणजे त्यांचा चेहरा उतरतो. बैठकीच्या दांडीचा स्क्रू आंवळण्यास मापाचा पाना लागतो, कारण थोडासा अधिक जोर दिला तरी तडा जातो. वडिलांच्या सायकलीस तो मनगटाच्या अंदाजानें आंवळला जाई. दुरुस्ती अशक्य नव्हे. दुखावलेला भाग घांसून नवे पदर चढविणारे जाणकार आहेत, परंतु ते कोपऱ्यावरच्या दुकानांत भेटत नाहींत.

आणि सांगाडा अगदींच निकामी झाला तर? पोलादी असता तर भट्टींत जाऊन कदाचित् पुन्हां नळीच झाला असता. कोळशाचा तंतु ज्या राळेंत एकदां घट्ट झाला ती पुन्हां वितळत नाहीं, व ती जाळून तंतु काढला तरी तो पूर्वींइतका लांब व सलग राहत नाहीं. लाखाची ती वस्तु भंगारवाला हातांत घेऊन उचलून पाहतो, आणि तराजूला न लावतांच परत करतो.