दीड सुती आटा

मागच्या उन्हाळ्यात मी शेजारच्या आजोबांच्या मोटरबोटीची थ्रॉटल केबल बदलून दिली. आता ही काय लिहायची गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. पण त्या केबलच्या टोकाला इतका इतिहास गुंडाळलेला निघाला की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उइटहॉर्न हे गाव ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला, आमस्टेल नदीच्या काठावर. ज्या नदीवरून ॲमस्टरडॅमला नाव मिळालं तीच ही. आपल्याकडे दारात स्कूटर असते तशी इथे बऱ्याच जणांची बोट बांधलेली असते, आणि स्कूटरसारखीच तीही सारखी काहीतरी मागत असते. आजोबांची बोट जुनी, डिझेल इंजिनाची. हँडल पुढे ढकललं की रेस वाढायची, पण मागे ओढलं की केबल मध्येच अडायची. आत पाणी शिरून गंजली होती.

पुण्यात वाढलेल्या माणसाला केबल तुटण्याचं काय कौतुक! बजाज चेतक ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, डिकीत एक जादा क्लच वायर असायचीच. त्या स्कूटरला गिअरसाठी मात्र दोन वायरी होत्या. का? कारण ती वायर फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. एका बाजूला फिरवायला एक, उलट फिरवायला दुसरी. ब्रेकला आणि क्लचला एकच पुरते, कारण परत आणायचं काम स्प्रिंग करते.

या वायरीला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन याने 1896 साली तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं. घट्ट गुंडाळलेल्या तारेची नळी आणि तिच्या आत सरकणारी बारीक दोरी, बस इतकंच. पण त्यामुळे ओढ वळणावळणाने कुठेही नेता येऊ लागली. 1900 साली रॅले सायकल कंपनीने त्याचा परवाना घेतला. गंमत म्हणजे रॅलेच्या मालकाचं आडनावही बाउडेनच, फ्रँक बाउडेन. त्यामुळे ही केबल त्यानेच शोधली असा घोळ कित्येकजण करतात. मीही केला होता.

बोटीत हे चालत नाही. तिथे एकाच केबलने ओढायचंही असतं आणि ढकलायचंही. त्यासाठी आत दोरीऐवजी ताठ तार लागते, नळीत जेमतेम मावेल अशी, म्हणजे ढकलताना ती वाकत नाही. असल्या केबली युद्धकाळात विमानांसाठी बनत होत्या. अमेरिकेतली टेलेफ्लेक्स कंपनी 1943 साली याच धंद्यात सुरू झाली आणि युद्धानंतर हाच माल बोटींकडे वळला. इथे मला एक गोष्ट मजेशीर वाटते. उइटहॉर्नच्या आसपास ॲमस्टरडॅमच्या संरक्षणासाठी बांधलेले किल्ले आहेत. 1880 ते 1920 या काळात शहराभोवती 135 किलोमीटरचं कडं उभं केलं होतं. शत्रू आला की शेतात पाणी सोडायचं, पायी चालायला खोल आणि बोटीला उथळ! विमानं आली आणि सगळं फुकट गेलं. आज त्याच पाण्यावर विमानातल्या केबली लावलेल्या बोटी फिरतात.

असो. केबल बदलणं फार अवघड नाही. जुनी केबल ओढून काढतानाच तिच्या शेपटीला नवीन ओढायची दोरी बांधायची. वळणं मोठी ठेवायची, वीतभर त्रिज्येपेक्षा लहान वळण दिलं तर केबल लवकर मरते. मग हँडल न्यूट्रलला, इंजिनाचा लिव्हर आयडलच्या स्टॉपला टेकवून ठेवायचा आणि केबलच्या टोकाचा बॉल-जॉइंट आट्यांवर फिरवत अशा जागी आणायचा की तो अजिबात ताण न देता लिव्हरवर बसेल. शेवटी फुल रेसला लिव्हर दुसऱ्या स्टॉपला टेकतो का ते बघायचं.

माझी चूक झाली ती बॉल-जॉइंटमध्ये. जुना गंजला होता म्हणून आजोबांच्या डब्यातला दुसरा घेतला. छान फिरला, थोडा सैल वाटला इतकंच. नदीत निघालो आणि पुलाच्या अलीकडे मी हँडल मागे ओढलं, तर ते हातात मोकळं आलं! गिअर सुटला, पण रेस तशीच. त्या इंजिनाचा लिव्हर आपणहून परत येत नाही. मोकळं इंजिन किंचाळायला लागलं. आजोबांनी शांतपणे इंजिन बंद करायची खुंटी ओढली आणि आम्ही लव्हाळ्यात जाऊन टेकलो. मी डॉक्टरेटवाला इंजिनियर, मला शब्द सुचेना.

झालं असं होतं. केबलच्या टोकाचे आटे अमेरिकन होते, साधारण दीड सुताचे: जाडी 4.83 मिलिमीटर, इंचाला 32 आटे, म्हणजे दोन आट्यांत 0.794 मिलिमीटर. डब्यातला बॉल-जॉइंट मेट्रिक, 5 मिलिमीटरचा, दोन आट्यांत 0.8. अंतर इतकं सारखं की बिनबोभाट फिरतो, पण जाडीच्या फरकामुळे आटे जेमतेम एकमेकांना धरतात. जोराने ओढलं की सुटले.

आट्यांचं हे भांडण जुनं. 1841 साली इंग्लंडात व्हिटवर्थने आट्यांचं प्रमाण सुचवलं, कोन 55 अंश. 1864 साली अमेरिकेत सेलर्सने 60 अंशांचं सुचवलं. दुसऱ्या महायुद्धात एका बाजूने लढणाऱ्या या दोघांचे नटबोल्ट एकमेकांना बसत नव्हते. 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एकच आटा ठरवला, पण तो इंचातला. माझ्या केबलच्या टोकाला होता तोच.

आणि हॉलंड? इथे 1820 पासून मेट्रिक. पण लोकांना नवी नावं नकोत म्हणून सेंटिमीटरलाच ‘डाउम’ म्हणजे अंगठा, म्हणजेच जुना इंच, असं नाव दिलं होतं! 1869 च्या कायद्याने खरी नावं आली. आजोबा मात्र इंचाला अजून डाउमच म्हणतात. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा, तरी हार्डवेअरच्या दुकानात ‘चार सुती बोल्ट द्या’ म्हटलं की गडी बरोबर अर्ध्या इंचाचा काढून देतो.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर मापाचा बॉल-जॉइंट आणला. आजोबांनी त्यांचा डबा टेबलावर ओतला, दोन रिकाम्या बरण्या पुढे ठेवल्या आणि एकीवर ‘मिलिमीटर’, दुसरीवर ‘डाउम’ असं लिहिलं. कॅलिपर माझ्या हातात दिला. तीन तास लागले.